रणभूमी ते रुग्णालय : रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या घडणीत लष्करी रुग्णालयीन निवासी प्रशिक्षणाचे स्थान – एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : लष्करी वैद्यक, रक्तवाहिनी शल्यचिकित्सा, निवासी प्रशिक्षण, अंगच्छेद, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, उपनगरीय मुंबई.

प्रस्तावना :
मराठीतील लष्करी इतिहासलेखन प्रामुख्याने लढाया, सेनानी, किल्ले आणि तह यांच्याभोवती फिरत राहिले आहे. लढाई संपल्यावर जखमी सैनिकाचे काय झाले, त्याचा पाय कोणी वाचवला आणि तो वाचवण्याची विद्या त्या शल्यविशारदाने कोठून मिळवली, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिले. हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. ज्ञान कसे निर्माण होते, ते संस्थेत कसे साठवले जाते आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे सोपवले जाते, याचा तो इतिहास आहे.

दहिसरसारख्या उपनगरात बसून या विषयाकडे पाहण्यास एक कारण आहे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक बोरिवली येथे, तर दुसरा मीरा रोड-भाईंदर परिसरात झाला. दहिसर स्थानक या दोहोंच्या मध्ये आहे. या स्फोटांत १८० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. स्फोटाने होणारी जखम ही मूलतः रणभूमीवरील जखम होय. त्या सायंकाळी ती नोकरीवरून घरी परतणाऱ्या माणसांच्या वाट्याला आली. म्हणूनच लष्करी रुग्णालयात घडलेल्या विद्येचा इतिहास हा नागरी समाजाचाही इतिहास ठरतो.

उद्दिष्टे :
१. रक्तवाहिनी शल्यचिकित्सेच्या विकासातील युद्धकालीन अनुभवाचा आढावा घेणे.
२. महाराष्ट्रातील लष्करी वैद्यकीय शिक्षणाच्या संस्थात्मक जडणघडणीचा मागोवा घेणे.
३. या इतिहासाचा उपनगरीय आरोग्यव्यवस्थेच्या संदर्भात अर्थ लावणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विवेचन :

१) पदवीनंतरचा अल्प अभ्यासक्रम
मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील प्रवेश १८५५ पासून स्पर्धापरीक्षेद्वारे होऊ लागला आणि हिंदी तरुणांना तेथे शिरकाव मिळाला. निवड झालेल्यांना पुढे इंग्लंडमधील नेटली येथील लष्करी वैद्यकीय शाळेत काही महिन्यांचे शिक्षण घ्यावे लागे. मुंबईचे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे या सेवेत लेफ्टनंट कर्नल पदापर्यंत पोहोचले. तथापि त्यांचे नाव आज स्मरणात आहे ते औषधी वनस्पतींच्या अभ्यासामुळे. सेवेतील अधिकारी एकाच वेळी शल्यविशारद, आरोग्याधिकारी आणि निसर्गसंशोधक असे. एकाच शाखेत वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली राहून प्रावीण्य मिळवण्याची निवासी पद्धती त्या व्यवस्थेत नव्हती.

२) बंधनाकडून जोडणीकडे
तुटलेली धमनी दोऱ्याने बांधून रक्तस्राव थांबवणे, म्हणजेच बंधन, हा शतकानुशतकांचा उपाय होता. जीव वाचे, परंतु अवयव अनेकदा गमवावा लागे. अलेक्सी कारेल यांनी १९०२ साली रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे तंत्र उपलब्ध होते. तरीही दुसऱ्या महायुद्धापर्यंत रणभूमीवर ते रुजले नाही.

डीबेकी आणि सिमिओनी यांनी १९४६ साली अमेरिकन सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ ८१ जखमींची धमनी शिवण्यात आली होती. बंधन केलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के सैनिकांचा अवयव कापावा लागला. जखमी सैनिक शल्यविशारदापर्यंत पोहोचेतो बराच काळ लोटलेला असे. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू साधारणतः सहा तासांनंतर वाचवणे कठीण होते. बंधन ही निवड नव्हती, निरुपाय होता.

कोरियन युद्धात (१९५०-५३) चित्र पालटले. हेलिकॉप्टरने जखमींची वाहतूक, आघाडीनजीकची फिरती शल्यरुग्णालये, रक्तसंक्रमण, प्रतिजैविके आणि धमनी जोडण्याचे शिक्षण घेतलेले तरुण शल्यविशारद या सर्व बाबी एकत्र आल्या. कार्ल ह्यूज यांनी नोंदवलेल्या ३०४ जखमांपैकी २६९ मध्ये धमनी जोडण्यात आली आणि अंगच्छेदाचे प्रमाण १३ टक्क्यांवर आले.

व्हिएतनाम युद्धाचे योगदान वेगळ्या प्रकारचे आहे. नॉर्मन रिच यांनी वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात १९६६ साली व्हिएतनाम रक्तवाहिनी नोंदवही सुरू केली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या १,००० जखमींच्या अहवालात अंगच्छेदाचे प्रमाण कोरियाइतकेच, सुमारे १३ टक्के होते. केवळ टक्केवारी पाहिली तर प्रगती थांबली असे वाटेल. परंतु गुडघ्यामागील धमनीच्या जखमेत हे प्रमाण महायुद्धातील ७२.५ टक्क्यांवरून कोरियात ३२ आणि व्हिएतनाममध्ये २९.५ टक्के झाले होते. कोणत्या ठिकाणची जखम अजूनही दाद देत नाही, हे नोंदवहीमुळेच कळले. त्याच रुग्णालयात रक्तवाहिनी शल्यचिकित्सेचे स्वतंत्र प्रशिक्षण उभे राहिले. शिकणाऱ्या डॉक्टरासमोर केवळ आजचा रुग्ण नव्हता, तर मागील हजारो रुग्णांचे पुढे काय झाले याचा आलेखही होता.

३) पुण्यातील संस्थात्मक पाया
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. या घटनेकडे वरील आकडेवारीच्या प्रकाशात पाहणे उद्बोधक आहे. ज्या काळात धमनी-जखम म्हणजे बहुधा अंगच्छेद, त्या काळात सैन्याची पहिली गरज कृत्रिम पाय ही होती. एकाच शहरात आधी गमावलेल्या अवयवाची भरपाई करणारी संस्था आली आणि नंतर अवयव वाचवणारे डॉक्टर घडवणारी.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बिधनचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९४८ रोजी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, प्रारंभी ही संस्था सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पुढील शिक्षणासाठी होती. पदवीपूर्व अभ्यासक्रम १९६२ साली सुरू झाला. सर्वसाधारण महाविद्यालय पदवीपासून पदव्युत्तर शिक्षणाकडे जाते. येथे क्रम उलटा होता. तज्ज्ञाची गरज आधी जाणवली, डॉक्टराची नंतर.

लष्करी सेवेत प्रगत अभ्यासक्रम पूर्ण करणारा अधिकारी प्रथम ‘ग्रेडेड स्पेशालिस्ट’ होतो आणि पुढील अनुभव व मूल्यमापनानंतर ‘क्लासिफाइड स्पेशालिस्ट’. परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे घडण पूर्ण होणे नव्हे, हे तत्त्व या रचनेतच अंतर्भूत आहे. पुण्याचे कमांड हॉस्पिटल, हृदय व वक्षरोगांसाठीचे लष्करी केंद्र आणि मुंबईतील नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय ही या शिक्षणाची क्षेत्रे होत. १९८४ पासून सियाचीनवर तैनात सैनिकांमधील हिमदंश आणि रक्ताच्या गुठळ्या, तसेच १९९९ च्या कारगिल संघर्षातील जखमा यांनी भारतीय लष्करी डॉक्टरांसमोर रक्तवाहिन्यांचे असे प्रश्न उभे केले, ज्यांची तयार उत्तरे पाश्चात्त्य ग्रंथांत सहज मिळणारी नव्हती.

४) मर्यादा
युद्ध ही शल्यविशारदाची पाठशाळा आहे, असे विधान सरसकट करणे धोक्याचे आहे. शांततेच्या काळात लष्करी रुग्णालयात गंभीर जखमी कमी येतात आणि हात शिथिल होतो. अमेरिकन लष्कराने २००१ साली आपली शल्यपथके मायामीच्या नागरी अपघात केंद्रात शिकण्यास पाठवण्याचा मार्ग स्वीकारला तो यामुळेच. शिवाय सैनिक तरुण व सुदृढ असतो; नागरी रुग्णालयात मधुमेहाने धमन्या अरुंद झालेला वृद्ध येतो. एकाचे ज्ञान दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही.

निष्कर्ष :
१. कारेल यांचे तंत्र १९०२ चे, तर त्याचा रणभूमीवरील व्यापक लाभ १९५० नंतरचा. या अर्धशतकाचे अंतर वाहतूक, रक्तपुरवठा आणि प्रशिक्षण यांनी भरून काढले. केवळ शोध पुरेसा नसतो.
२. शल्यविशारद युद्धाने घडत नाही; युद्धाच्या काटेकोर नोंदींनी आणि त्या नोंदींवर आधारलेल्या दीर्घ निवासी प्रशिक्षणाने घडतो.
३. दहिसर चर्चगेटपासून सुमारे ३६ किलोमीटरवर आहे. लोहमार्गावर पाय चिरडलेल्या प्रवाशासाठीही सहा तासांचाच हिशेब लागू असतो. उपनगरातील रुग्णालयांत जखमेची वेळ, पोहोचण्याची वेळ, केलेला उपचार आणि वर्षानंतरची स्थिती यांची सलग नोंद ठेवली गेल्यास ती निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाचे साधन बनेल आणि उद्याच्या इतिहासकाराचेही. लष्करी रुग्णालयाकडून घेण्याजोगा हा धडा कमी खर्चाचा आहे. त्यासाठी युद्धाची वाट पाहण्याचे कारण नाही.