खर्ड्याचा किल्ला आणि खर्ड्याची लढाई

जामखेड तालुक्यात प्राचीन स्थळे पाहावयास येणारा प्रवासी बहुधा दोन ठिकाणी जातो. एक चौंडी, अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान. दुसरे खर्डा, जेथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. योग असा की, इ. स. १७२५ त चौंडीस जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरी देह ठेविला तो दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, म्हणजे खर्ड्याच्या लढाईनंतर अवघ्या पाच महिन्यांनी. प्रस्तुत लेखात आम्ही खर्ड्याचाच विचार करणार आहोत. कारण त्या स्थळासंबंधी एक गैरसमज रूढ होऊ पाहत आहे.

खर्ड्याचा भुईकोट विजयी पक्षाचा होता, अशी पुष्कळांची समजूत दिसते. वस्तुस्थिती निराळी आहे. हा कोट अठराव्या शतकाच्या मध्यास निंबाळकरांनी बांधिला. हे घराणे मराठा, परंतु निजामाच्या पदरचे. घडीव दगडांचा तट, भोवतालचा खंदक, भक्कम दरवाजा, गावातील गढी व निंबाळकरांची छत्री ही सर्व त्या मातबरीची साक्ष होत. मराठा सरदार तितके पेशव्यांच्या बाजूचे, हे सोयीचे गणित येथे चालत नाही.

लढाईही तटापाशी झाली नाही. निजामअल्ली मोहरी घाट उतरून खर्ड्यास आला व परिंड्याच्या रोखे कूच करू लागला, तेव्हा दि. ११ मार्च १७९५ रोजी, शके १७१६ च्या फाल्गुनात, उघड्या मैदानात गाठ पडली. मराठ्यांच्या फौजेचे आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर व नागपूरकर रघूजी भोसले हे सारे एकत्र आले होते. निजामाकडे रेमंड या फ्रेंचाची कवायती पलटणे होती. पाहणीस पुढे गेलेले भाऊ स्वतः जखमी झाले. रणांगणात माणूस बेताचेच पडले. परंतु निजामाने रात्री माघार घेऊन खर्ड्याच्या कोटाचा आश्रय केला आणि मराठ्यांच्या वेढ्यात सापडला. तात्पर्य, हा कोट जेत्याचे ठाणे नसून पराभूताचा आसरा होय.

तहात निजामाने दौलताबादचा किल्ला, सुमारे तीस लक्षांचा मुलूख व तीन कोटी रुपये कबूल केले आणि आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन केला. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव निवर्तले, वारसाचा तंटा उपस्थित झाला, आणि इ. स. १७९६ च्या महाडच्या करारात नाना फडणविसांनी निजामाच्या साहाय्याच्या बदल्यात मिळविलेले बहुतेक सोडून दिले. मैदानावर जे कमाविले ते दीड वर्षात कागदावर गेले. ही गोष्ट तट कितीही न्याहाळला तरी कळणार नाही. ती दप्तरातच सापडते. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापिले, म्हणूनच या मोहिमेचे कितीतरी बारकावे आज आपणांस ठाऊक आहेत.

इ. स. २०२१ च्या दसऱ्यास या किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारण्यात आला. त्यामुळे लोकांची पावले इकडे वळली, ही गोष्ट चांगलीच झाली. आमचे म्हणणे इतकेच की, ध्वज पाहून परतणाऱ्यास हा कोट कोणी बांधिला, आत कोण कोंडला गेला आणि झुंज कोठे झाली, हेही तेथेच कळावे. अन्यथा स्थळ राहील आणि इतिहास जाईल.

शेवटी संग्राहक मित्रांस एक विनंती. शिक्क्याचे वा सुरेख मोडीचे एखादे पत्र पाहून ते रुमालातून वेगळे विकत घेण्याची चाल वाढली आहे. असे पत्र कपाटात शोभते; पण ते कोणत्या घराण्यातून, कोणत्या गावाहून, कोणत्या कागदांच्या शेजारून आले हे एकदा विसरले की त्याचे निम्मे मोल गेले. सबंध रुमाल घेणे न साधल्यास निदान त्यातील पत्रांची यादी करून ठेवावी, आणि मूळ धन्याचे नाव व गाव त्यावर लिहावे. खर्डे, जामखेड, परिंडे या टापूतील जुन्या घरांतून असे रुमाल असतील, तर ते फुटण्यापूर्वी पाहिले जावेत. दगडास कागदाची आणि कागदास दगडाची साक्ष लागते. दोहोंची ताटातूट झाली म्हणजे दोन्ही मुके होतात.