तळघरातली गाळणी

उत्तर अमेरिकेतल्या असंख्य घरांत हिवाळाभर एक भट्टी चालू असते. तिला तिथे फर्नेस म्हणतात. ती बहुधा तळघरात असते. खोल्यांतली गार हवा पत्र्याच्या रुंद नळीतून ओढून घ्यायची, तापवायची आणि दुसऱ्या नळ्यांतून पुन्हा खोल्यांत सोडायची, हे तिचे काम. हवा आत शिरते त्या तोंडाशी पुठ्ठ्याच्या चौकटीतला चौकोनी फिल्टर असतो आणि तो ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो. ही गाळणी कशाची करावी हा प्रश्न १९३० च्या दशकातच बऱ्यापैकी सुटला होता. ती काढायची-घालायची कशी, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक दशके घरच्या माणसाच्या माथी राहिला.

पहिल्या फर्नेसना फिल्टर नव्हताच. गरम हवा हलकी होऊन वर चढते, गार हवा जड होऊन खाली उतरते, एवढ्याच जोरावर त्या चालत. आयोवा राज्यातल्या मार्शलटाऊन गावी डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची कोळशाची भट्टी बाजारात आणली. ओतीव लोखंडाच्या जुन्या भट्ट्या तापून वाकत आणि त्यांच्या सांध्यांतून धूर घरात शिरे. पोलादाने ती तक्रार बरीच कमी केली. तरी हवा ढकलायला पंखा नव्हता, म्हणून नळ्या भल्यामोठ्या ठेवाव्या लागत. तळघराच्या मध्यावरून चहूकडे पसरलेल्या या नळ्यांमुळे लोक अशा भट्टीला ‘ऑक्टोपस’च म्हणू लागले. हवेचा जोर इतका क्षीण, की वाटेत दाट जाळी आडवी लावली तरी वरच्या खोल्या गार पडाव्यात.

गाळण्यासारखे मात्र पुष्कळ होते. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतली निम्म्याहून अधिक घरे कोळशावर आणि जवळजवळ पाव घरे लाकडावर गरम होत होती. भिंतींवर काजळीचा थर बसे. भिंतीचा कागद पुसायला पिठाच्या गोळ्यासारखा मऊ लगदा मिळायचा. पुढे घरे गॅसवर गेली, काजळी संपली आणि या लगद्याचे गिऱ्हाईकही संपले. सिनसिनाटीच्या ज्या कारखान्यात तो बनत असे, त्याच्या मालकांनी १९५६ मध्ये तोच लगदा थोडा बदलून मुलांसाठी विकायला काढला. तो आजचा प्ले-डो. घरातली हवा किती मळलेली होती याची याहून बोलकी खूण सापडणे कठीण.

गॅसवर चालणाऱ्या भट्टीची कल्पना त्याआधीची. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने १९१९ मध्ये नैसर्गिक वायूवर घर तापवणाऱ्या रचनेचे पेटंट मिळवले होते. फिल्टरच्या दृष्टीने मात्र खरा बदल विजेच्या पंख्याने घडवला. १९३० च्या दशकात फर्नेसच्या पोटात ब्लोअर बसू लागला, नळ्या बारीक झाल्या आणि हवेला वाटेतला अडथळा ओलांडण्याइतका जोर आला. गाळणी बसवणे शक्य झाले, शिवाय गरजेचेही झाले, कारण तोच पंखा धूळ ओढून आपल्या पात्यांवर आणि घरभर नेऊ लागला.

सुरुवातीच्या गाळण्या पत्र्याच्या चौकटीत धातूची जाळी किंवा प्राण्यांचे केस भरून त्यांवर तेल चोपडलेल्या असत. धूळ तेलाला चिकटे. पण मळलेली गाळणी गरम पाण्याने धुवायची, निथळवायची, पुन्हा तेल लावायचे, आणि हे सारे भर थंडीत. हा ताप काचेच्या लोकरीने संपवला. १९३२ मध्ये ओहायोत ओवेन्स-इलिनॉय कंपनीचा तरुण संशोधक डेल क्लाइस्ट काचेच्या विटा जोडण्याचा प्रयोग करत असताना दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि बारीक तंतूंचा वर्षाव झाला. गेम्स स्लेटर यांच्या देखरेखीखाली त्यातून तंतू काढण्याची पद्धत बसवली गेली. काचेच्या लोकरीच्या पहिल्या विक्रीयोग्य मालांपैकी एक होता ‘डस्ट-स्टॉप’ नावाचा हवेचा फिल्टर. १९३८ मध्ये या धंद्यातूनच ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली. पुठ्ठ्याची चौकट, आत काचेची लोकर, मळली की फेकून नवी घालायची, हा प्रघात इथून पडला.

फिल्टर स्वस्त झाला, पण त्याची जागा अवघडच राहिली. कारखान्याला फर्नेसची पेटी शक्य तितकी आटोपशीर हवी होती, म्हणून फिल्टर खालच्या कप्प्यात, ब्लोअरच्या शेजारी किंवा त्याच्याही खाली कोंबला गेला. काही भट्ट्यांत तर ब्लोअरभोवती तारेच्या सांगाड्यावर झोळीसारखी लोकर गुंडाळत. सर्वांत परिचित रचना वाकवलेल्या लोखंडी तारेची. तळघराच्या जमिनीवर गुडघे टेकून बसायचे. खालचे दार दोन्ही हातांनी वर उचलून खाचेतून सोडवायचे. आत अंधार. फिल्टर पेटीच्या तळाशी आडवा, आणि त्याच्यावर धनुष्यासारखी ताणलेली तार. तिचे एक टोक मागच्या भोकात, दुसरे पुढच्या काठाखाली अडकवलेले. पुढचे टोक दाबून सोडवले की तार उसळते, फिल्टर वाकवूनच ओढावा लागतो आणि महिन्यांची धूळ पेटीतच सांडते. परत घालताना मागचे भोक दिसत नाही; बोटांनी चाचपून तार त्यात घालावी लागते. तार नीट बसली नाही तर फिल्टर हलतो आणि हवा कडेने निसटते.

त्या दाराला आणखी एक अर्थ आहे. ते उघडे असताना ब्लोअर चालला, तर तो ज्वाळेच्या आसपासची हवा ओढू शकतो आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोल्यांत जाऊ शकतो. म्हणून दारामागे खटक्याचे बटण बसवले गेले. दार निघाले की वीज बंद. ही सोय जीव वाचवणारी आहे. पण फिल्टरसारख्या वरचेवर बदलायच्या वस्तूसाठी अशा दाराला हात लावावा लागणे, ही मांडणीतलीच चूक होती. तिचा परिणाम उघड होता: माणसे फिल्टर बदलणे टाळत. तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी पडते, भट्टीतला उष्णता देणारा पत्रा प्रमाणाबाहेर तापतो आणि सुरक्षेचा स्विच ज्योत पुन्हा पुन्हा विझवतो. उन्हाळ्यात त्याच ब्लोअरवर एअर कंडिशनर चालत असेल तर त्याच्या गार नळ्यांवर बर्फ धरतो. मुंबई-पुण्याच्या घरांत भिंतीवरच्या एसीचे झाकण उचलून जाळी चिमटीत काढायची आणि नळाखाली धरायची, एवढेच काम असते. शिकागोत किंवा न्यू जर्सीत पहिले घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला हे तळघरातले काम नव्याने शिकावे लागते.

सुटका झाली ती फिल्टर पेटीबाहेर काढल्याने. परतीच्या हवेची नळी आणि फर्नेस यांच्या मधोमध पत्र्याची अरुंद चौकट बसवायची, तिला बाजूने फट ठेवायची आणि पुस्तक फडताळात सरकवावे तसा फिल्टर सरकवायचा. ना दार, ना तार, ना अंधार. दिशा चुकू नये म्हणून फिल्टरच्या कडेवर हवेच्या प्रवाहाचा बाण छापलेला असतो. बाणाचे टोक भट्टीकडे. उरली ती फट. ती उघडी राहिली की तळघरातली धूळ फिल्टरला वळसा घालून आत शिरते. पुष्कळ घरांत तिच्यावर टेप चिकटवलेली दिसते, आणि दर वेळी ती उचकटावी लागते. चुंबकाच्या पट्टीचे झाकण हा त्यावरचा साधा उपाय: ओढले की निघते, सोडले की चिकटते. दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत फर्नेस पुष्कळदा माळ्यावर असते. तिथे फिल्टर खोलीतल्याच परतीच्या जाळीमागे आणला गेला. जाळीला बिजागऱ्या आणि दोन खटके. माळ्याची शिडी चढण्याचे टळले.

मापांचा घोळ मात्र कायम आहे. १६ बाय २५ बाय १ इंच असे छापलेला फिल्टर प्रत्यक्षात प्रत्येक बाजूने थोडा लहान असतो, खाचेत सहज जावा म्हणून. हे थोडे किती, हे कंपनीगणिक बदलते. त्यामुळे दुकानातून आणलेला फिल्टर कधी अडकतो, कधी डुगडुगतो.

दुसरा मार्ग होता बदलण्याची वेळच लांबवण्याचा. चुण्या पाडलेल्या कापडाला त्याच चौकटीत कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. चार-पाच इंच जाडीचा असा फिल्टर सहा महिने ते वर्षभर टिकतो, एक इंची मात्र एक ते तीन महिन्यांत मळतो. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या रिसर्च प्रॉडक्ट्स कंपनीचे ‘स्पेस-गार्ड’ या जातीचे. त्याच्या एका प्रकारात कापड घडी घालून खोक्यात येई. घरच्याने ते प्लास्टिकच्या चौकटीत ताणायचे, चुणी-चुणीत कंगव्यासारखे दाते बसवायचे आणि मग चौकट मिटायची. एक चुणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. वर्षातून एकदाच करायचे, म्हणून दर वर्षी कृती विसरलेली असे. नंतर त्याच कंपनीने आयत्या चौकटीचे फिल्टर आणि ते जुन्या पेटीत बसवण्याचे जोडसाहित्य विकायला आणले. दातांची कटकट गेली.

गाळणीच्या बारकाईची मोजणी उशिरा आली. अमेरिकेतल्या ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९९ च्या मानकात ‘मर्व्ह’ हे अंक ठरले. काचेच्या साध्या लोकरीचा फिल्टर या श्रेणीच्या तळाशी येतो; मर्व्ह १३ चा फिल्टर एक मायक्रॉनहून लहान कणांपैकीही निम्मे तरी अडवतो. अर्थात दाट फिल्टर लवकर भरतो, म्हणजे तो वेळेवर काढणे अधिकच महत्त्वाचे.

२०२० च्या कोविड साथीत हे फिल्टर भट्टीतून पूर्णपणे बाहेर पडले. पर्यावरण अभियंते रिचर्ड कोर्सी आणि फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचे जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेवरून लोकांनी २० इंची मर्व्ह १३ चे चार-पाच फर्नेस फिल्टर टेपने जोडून खोका केला आणि वर चौकोनी पंखा ठेवला. वर्गांत आणि दवाखान्यांत असे खोके जमिनीवर उभे राहिले. या खोक्याला ना पेटी, ना दार, ना खाच. फिल्टर मळले की टेप कापायची, पंखा उचलून घ्यायचा आणि नव्या फिल्टरांचा खोका त्याच पंख्याखाली बांधायचा.