संत शिशुनाळ शरीफ

संत शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) हे उत्तर कर्नाटकातील कन्नड संतकवी होते. जन्माने मुसलमान असलेल्या शरीफांनी स्मार्त ब्राह्मण गुरूकडून दीक्षा घेतली आणि वीरशैव, वेदान्ती व सूफी विचारांचा मेळ घालणारी पदे रचली. ही पदे कन्नडमध्ये ‘तत्त्वपदे’ म्हणून ओळखली जातात. शरीफांना ‘कर्नाटकाचे कबीर’ असेही म्हटले जाते.

जन्म आणि शिक्षण

शरीफांचा जन्म शिशुनाळ (शिशुविनहाळ) या गावी झाला. हे गाव आज हावेरी जिल्ह्याच्या शिग्गाव तालुक्यात आहे. शरीफांच्या काळात ते मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात मोडत असे. त्यांचे मूळ नाव महंमद शरीफ आणि वडिलांचे नाव इमामसाहेब. इमामसाहेब हे हजरेश कादरी या सूफी संतांचे शिष्य होते, आणि त्या संतांच्या कृपेने शरीफांचा जन्म झाला, अशी श्रद्धा आहे.

बालपणीच त्यांच्या कानावर कुराणाबरोबर रामायण-महाभारतातील कथा पडत होत्या. अल्लमप्रभूंच्या जीवनावरील चामरसकृत ‘प्रभुलिंगलीले’ या काव्याचाही त्यांच्यावर खोल परिणाम झाला. मुलकी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी काही काळ शाळेत शिक्षकाची नोकरी केली. परंतु अध्यात्माच्या ओढीने ती सोडून दिली. त्यांचा विवाह फातिमा यांच्याशी झाला होता. पत्नी आणि लहान मुलगी या दोघींच्याही मृत्यूनंतर ते संसारापासून पूर्णपणे विरक्त झाले.

गुरू गोविंदभट्ट

शरीफांचे गुरू गोविंदभट्ट हे कळस या गावचे. जातिभेद व कर्मठ आचार न मानणारे म्हणून ते परिसरात ओळखले जात. पहिल्या भेटीत गोविंदभट्टांनी वडिलांविषयी विचारले असता, जो तुमचा पिता तोच माझाही, अशा आशयाचे उत्तर शरीफांनी दिले आणि ते ऐकून गुरूंनी त्यांचा स्वीकार केला, अशी आख्यायिका आहे. गोविंदभट्टांनी शिष्याच्या गळ्यात जानवे घातल्याची कथाही प्रसिद्ध आहे. या संबंधामुळे गुरूला ब्राह्मणांचा आणि शिष्याला मुसलमानांचा रोष सहन करावा लागला, असे परंपरा सांगते. तरीही दोघांचा सहवास सुटला नाही. शरीफांच्या अनेक पदांत गुरू गोविंदांचा उल्लेख येतो.

काव्य

शरीफांनी मुख्यतः धारवाडकडच्या बोलीतील कन्नडमध्ये रचना केली. त्यांच्या पदांतील दृष्टान्त रोजच्या व्यवहारातले असतात. गळके छप्पर, तंबोरा, शेत, बाजार अशा परिचित गोष्टींतून ते देह, मन आणि आत्मा यांचे नाते उलगडतात. हुबळीत आलेली नवी कापडगिरणीही त्यांच्या एका पदाचा विषय झाली.

वरवर विसंगत वाटणाऱ्या कूटरचना हे त्यांच्या काव्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ‘कोडगन कोळि नुंगित्ता’ या सर्वांत लोकप्रिय पदात दुबळे प्राणी बलवान प्राण्यांना गिळतात आणि निर्जीव वस्तूही एकमेकींना गिळत जातात. अखेरीस गुरुचरण कवीलाच गिळून टाकतात. हसवत हसवत सुरू होणारे हे पद अशा रीतीने अहंकाराच्या विलयापाशी येऊन थांबते.

त्यांची नाममुद्रा ‘शिशुनाळाधीश’, म्हणजे शिशुनाळचा स्वामी, अशी आहे. याच मुद्रेचा कवी मोहरमच्या मेळ्यांसाठी ‘रिवायत’ नावाची करबलाविषयक गीतेही रचत असे. एका धर्माचा त्याग करून दुसऱ्याचा स्वीकार करणे, असे या समन्वयाचे स्वरूप नव्हते; दोन्ही परंपरांची भाषा त्यांना आपलीच वाटत होती. मराठी संतपरंपरेत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी याआधी असाच मार्ग चोखाळला होता.

निधन आणि समाधी

शरीफांचे निधन १८८९ मध्ये शिशुनाळ येथे झाले. मृत्यूसमयी जंगमाचे चरण मस्तकी धारण करण्याची वीरशैव प्रथा आहे. तसे आपल्यालाही करता यावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केल्याचे सांगतात. अंत्यसंस्काराच्या वेळी कुराणाचे पठण आणि हिंदू मंत्रोच्चार दोन्ही झाले, असे मानले जाते. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला आजही दोन्ही समाजांचे भाविक येतात.

वारसा

शरीफांची पदे दीर्घकाळ भजनी मंडळे व लोकगायकांच्या मुखी टिकून होती. पुढे त्यांचे संग्रहही प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतकार व गायक सी. अश्वथ यांनी ही पदे सुगम संगीताच्या रूपाने शहरी श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत शिशुनाळ शरीफ’ हा कन्नड चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात श्रीधर यांनी शरीफांची आणि गिरीश कार्नाड यांनी गोविंदभट्टांची भूमिका केली होती. या चित्रपटास राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला.