पौगंडाचा मागोवा

मुलाला मिसरूड फुटली की घरातले म्हणतात, ‘वयात आलाय’; समुपदेशक म्हणतात, ‘पौगंडावस्था’. भागवतातल्या पौगंडाला मात्र ना मिसरूड होती, ना मुरमं. भागवताच्या टीकापरंपरेतल्या वाटणीनुसार पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. पौगंड म्हणजे आज पहिली ते पाचवीत असलेली पोरं. भागवताच्या दहाव्या स्कंधात या वयाची खूणही किती साधी आहे! तोवर वासरं राखणारे कृष्ण-बलराम पौगंड वयाचे होताच गाई राखू लागतात. अंगात काय बदललं याचा तिथे उल्लेख नाही. हाती कोणतं काम आलं, तेवढंच सांगितलं आहे.

धर्मशास्त्रात या शब्दाची हद्द आणखी वर जाते. नारदस्मृतीत सोळा वर्षांपर्यंतचा मुलगा पोगंड, म्हणजे पौगंड वयाचा. मनुस्मृतीत तर या शब्दाला थेट संपत्तीचं कुंपण आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने त्याची वस्तू दहा वर्षं वापरली आणि तो गप्प राहिला, तर त्याचा हक्क बुडतो. पण मालक पोगंड असेल तर बुडत नाही. बाप गेलेल्या पोराच्या मालमत्तेवर भाऊबंद बसले आणि पोर बोललं नाही, तरी ती त्यांची होत नाही. या शब्दाच्या सगळ्या अर्थांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

हे सगळं मुलग्यांपुरतं. मुलींच्या वयाची नावं वेगळी होती: आठव्या वर्षी गौरी, नवव्या वर्षी रोहिणी, दहाव्या वर्षी कन्या आणि त्यानंतर रजस्वला. ही गणती लग्नाच्या घाईची. बालपण आणि संसार यांच्यामध्ये तिला मोकळं वर्षच नव्हतं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं आणि 1884 मध्ये मुंबईच्या न्यायालयात खटला उभा राहिला. 1887 मध्ये निकाल आला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. 1891 चा संमतिवयाचा कायदा येण्याला या खटल्याने पेटलेल्या वादाचाही हातभार लागला आणि शरीरसंबंधाच्या संमतीची मर्यादा दहावरून बारावर गेली.

1904 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी वयात येण्याच्या काळावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि तो काळ वादळी ठरवला. त्या कल्पनेला मराठीत नाव मिळालं ते पौगंडाचंच. सहा ते दहाचं वय मागे पडलं. आता जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस धरते. आपल्याकडे मुलींच्या लग्नाचं किमान वय 1929 च्या शारदा कायद्याने चौदा केलं, पुढे पंधरा झालं आणि 1978 मध्ये अठरा. मुलीला कायद्याने जवळपास पुरती पौगंडावस्था मिळाली ती इतक्या उशिरा.