काळाबाहेरचे चित्र आणि शीर्षकातले साल

आल्बर्ट मूर (१८४१–१८९३) या इंग्रज चित्रकाराचे ‘अ क्वार्टेट : अ पेंटर्स ट्रिब्यूट टू द आर्ट ऑफ म्युझिक, ए. डी. १८६८’ हे चित्र १८६९ साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्यात ग्रीक वस्त्रे पांघरलेले चार पुरुष एका रांगेत बसून वादन करीत आहेत आणि स्त्रिया ऐकत आहेत. आकृतींची ही मांडणी पार्थेनॉनच्या शिल्पपट्टाची आठवण करून देते. ब्रिटिश संसदेने १८१६ साली विकत घेतलेली ती शिल्पे लंडनमध्येच होती. वाद्ये मात्र ग्रीक नाहीत. ती सोळाव्या शतकात घडलेल्या व्हायोलिन-कुळातील आहेत.

ही विसंगती अज्ञानातून आलेली नाही, हे उघड आहे. कथानक आणि पुरातत्त्वीय अचूकता या नवअभिजात चित्रकलेच्या दोन आधारांना मूर येथे नकार देतो. उरते ती रंग व रेषा यांची संगती. १८६७ मध्ये त्याचा स्नेही व्हिसलर याने आपल्या चित्राला ‘सिंफनी’ म्हटले होते. संगीत हे आशयमुक्त रूपाचे प्रतिमान ठरू लागले होते. त्यामुळे कलेच्या स्वायत्ततेचा जाहीरनामा म्हणून या चित्राचे वाचन करणे स्वाभाविकच आहे.

परंतु मग शीर्षकात साल कशासाठी? कालातीततेचा दावाही एका विशिष्ट काळीच केला जातो, याची ती कबुली आहे. एकदा ते साल गांभीर्याने घेतले की चित्रातील श्रमविभागणीही दिसू लागते. वाजवणारे पुरुष, ऐकणाऱ्या स्त्रिया : ही व्यवस्था अथेन्सची म्हणून नव्हे, तर व्हिक्टोरियन लंडनची म्हणून ओळखीची आहे. तेथे पियानो हे कुलीन स्त्रीचे भूषण होते. व्हायोलिन मात्र तिला अशोभनीय मानले जाई. योगायोग असा, की १८६९ मध्येच विल्मा नेरुदा ही व्हायोलिनवादक लंडनला आली आणि तेथील ‘पॉप्युलर कॉन्सर्ट्स’मध्ये तिने क्वार्टेटचे नेतृत्व केले. मैफलीच्या मंचावर जे बदलू लागले होते, ते मूरच्या कालातीत बाकावर मात्र अचल राहिले.

रूपवादी समीक्षेला या चित्रातून एक इशारा मिळतो. आशय वगळला म्हणजे इतिहास वगळला जातो, असे नाही. तो रूपाच्या मांडणीतच, कोण बसले आहे आणि कोण ऐकते आहे यात, टिकून राहतो. मूरच्या चित्राची संगती त्यामुळे खोटी ठरत नाही. तिची किंमत काय आणि ती कोणी चुकवली, एवढेच कळते.