कोळसुंद्यांचा वाटा

आबांच्या गोष्टींत वाघ कधीच चोर नव्हता. वाघ रानाचा पाटील; त्यानं सांबर मारलं तर तो त्याचा हक्क. चोर म्हणजे कोळसुंदे. तांबूस अंगाची, काळ्या झुपकेदार शेपटीची ही रानकुत्री दाजीपूरच्या रानातून आमच्या गावावरच्या ओढ्यात उतरल्याची खबर आली, की आबा सोप्यात बसल्याबसल्या शिव्या सुरू करत. "वाघ पोटापुरतं मारतोय रं. ही जात रान धुऊन न्हेती. त्येंच्या मागनं जाऊन बगा, भेकराचा खूरबी दिसायचा न्हाई."

दाजीपूर हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान. पोरवयात आबा तिथं हाकाऱ्यांत जात. डबे वाजवायचे, ओरडायचं, जनावर मोक्यावर बसलेल्या बंदुकांकडं रेटायचं. स्वतःची शिकार मात्र शेताच्या कडेची. ठासणीची बंदूक एक आणि खाणारी तोंडं तीस. वाटे पानांवर पडत: बंदुकीचा वाटा, हाक्याचा वाटा, ज्याचं कुत्रं डुकरानं फाडलं त्याला जादा. आबा ही वाटणी अशा बारकाईनं सांगत की वाटावं, भावकीचा सातबारा वाचतायत. त्या वाटणीत कोळसुंद्याचं नाव नव्हतं. तो न बोलावता पंगतीला बसणारा.

आणि तरीही आबांची सगळ्यात रंगणारी गोष्ट कोळसुंद्यांचीच होती. थंडीतली सकाळ. ओढ्याकडून शिट्टी ऐकू आली. हे कुत्रे भुंकत नाहीत, शिट्टी घालून एकमेकांना गोळा करतात. आबा आणि दोघे भाऊबंद काठ्या घेऊन पळाले. डोहात पोटापर्यंत पाण्यात सांबराची मादी उभी, काठावर आठ-नऊ कोळसुंदे. मागची मांडी फाटलेली, पाणी लाल. दोन कुत्रे पाण्यात, बाकीचे निवांत, जणू चुलीवरचं शिजायची वाट बघतायत. मादी खाली बसली तशी या तिघांनी आरोळ्या ठोकत काठ्या आपटल्या. कुत्रे पळाले नाहीत, नुसते वीस पावलं मागं सरून बसले. मग सांबर ओढून काठावर घेतलं, कोयत्यानं तोडलं, घोंगड्यात बांधलं. आतडी आणि मुंडकं तिथंच टाकलं. "त्येंचं त्येस्नी," असं म्हणत आबा हसायचे.

चोर कोण, हा प्रश्न मला बारा वर्षांचा असतानाही पडला होता. विचारायची छाती नव्हती.

शिकाऱ्याचा खरा राग कोळसुंद्याच्या भुकेपेक्षा त्याच्या रीतीवर असावा. वाघ नरडं धरतो, जनावर आटोपतं. कोळसुंदा जेमतेम पंधरा किलोचा; त्याला नरडं धरून सांबर पाडणं झेपत नाही. टोळी मागून तोडत राहते, आणि जनावर जिवंत असतानाच खाणं सुरू होतं. हे मर्दाचं काम नव्हे, असा आबांचा निवाडा. वर दंतकथांची फोडणी: कोळसुंदे झुडपांवर मुततात, त्यातून जाणाऱ्या जनावराचे डोळे जातात, मग आंधळं सावज आयतं सापडतं. आबा हे शपथेवर सांगत. डोहातल्या त्या मादीचे डोळे मात्र उघडे होते, हेही तेच सांगत.

साहेबाची शिकारी जमातही याच मताची. तिच्या लेखी रान म्हणजे सावजाचं कोठार आणि मांसाहारी जनावर म्हणजे त्याला लागलेली घूस. सरकार डोक्यागणिक बक्षीस देई. महेश रंगराजन या इतिहासकारानं १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत मारल्या गेलेल्या जनावरांचा आकडा मांडलाय: ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे, दोन लाख लांडगे. कोळसुंद्यांच्या मुंडक्यांवरही इनाम होतं. आणि आमच्या कोल्हापूरची गंमत अशी की संस्थानात काळवीट धरायला चित्ते पाळलेले, आफ्रिकेतून आणवलेले. एक मांसाहारी पगारी नोकर, दुसऱ्याला गोळी.

भेकराचा खूर दिसेना, हे आबांनी पाहिलं ते खरंच असणार. टोळी फिरून गेली की सावज पांगतं, बुजतं. हिशेब चुकला तो त्याच्या पुढं. १९७०च्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग बंदीपूरच्या रानात कोळसुंद्यांच्या मागं फिरले, पुढं उल्हास कारंथांनी नागरहोळेत वाघाची गणितं मांडली. एका वाघाला वर्षाला साधारण ५० जनावरं मारावी लागतात, आणि एवढं देऊनही रान भरलेलं राहायचं तर पाठीशी ५०० तरी चरणारी जनावरं हवीत. म्हणजे किती वाघ राहतील ते सावजच ठरवतं. शिकाऱ्याची वही उलटी धरलेली होती.

याचं दुसरं टोक बघायला सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला जावं. धों. म. मोहित्यांच्या ध्यासानं उघड्या डोंगरावर उभं राहिलेलं हे कुंपणातलं रान १९८५ला अभयारण्य झालं. हरणं आणून सोडली; त्यांना मारणारं मोठं जनावर तिथं नव्हतं. कळप वाढत गेले आणि आजूबाजूच्या शिवारात उतरू लागले. शेवटी तिथली चितळं चांदोलीत हलवायची वेळ आली, वाघासाठी रानात भरणा करायला. आबांच्या नजरेतून हे स्वप्न: भरपूर सावज, एकही चोर नाही. शेतकऱ्याला विचारा त्याचं काय झालं.

आबांच्या म्हातारपणी आमच्याकडे कोळसुंदे दिसेनासे झाले आणि डुकरं बेसुमार झाली. १९७२च्या कायद्यानं शिकार थांबली होती. बंदूक पिकाच्या राखणीच्या परवान्यावर खुंटीला, खंडेनवमीला हळदकुंकवापुरती खाली. आबा माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवत, हाक्यातला तोच डबा. "कुत्री असती तर पिल्लं तरी खाल्ली असती," असं एकदा पुटपुटले. मी तेवढ्यावरून त्यांना शहाणपण चिकटवणार नाही. डुकरं वाढली त्याला मुंबईला गेलेल्या घरांची पडीक, झुडपं माजलेली वावरंही कारण होती, आणि खाली वाढत गेलेला ऊसही.

गेल्या वर्षी चुलतभावानं मोबाईलवर फोटो दाखवला. ट्रॅप कॅमेऱ्यात रात्री टिपलेले सात कोळसुंदे, डोळे पांढरे चमकणारे. आबांच्या त्या सकाळच्या तिघांतले शेवटचे नाना अजून आहेत, नव्वदीच्या घरात. त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी तो नाकाशी धरून एक-एक कुत्रा बोटानं मोजला, पुन्हा मोजला.

"सात," ते म्हणाले. "मारलं कुठं?"

अन् कोपऱ्यातली काठी चाचपू लागले.