रबर किती फुगते? उत्तर तराजूकडे

भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. उसाच्या पट्ट्यात या धोरणाचे स्वागत झाले. जुन्या गाड्यांच्या मालकांना मात्र इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांची धास्ती वाटू लागली. ही धास्ती कितपत खरी, हे ठरविणारी चाचणी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे.

रबर म्हणजे लांबलचक रेणुसाखळ्यांचे जाळे. व्हल्कनायझेशनमुळे या साखळ्या जागोजागी गाठींनी बांधल्या जातात. द्रावक आत शिरला की साखळ्या दूर सरकतात. पण गाठी त्यांना सुटू देत नाहीत. म्हणून असे रबर विरघळत नाही, फुगते. गाठी जितक्या दाट, तितके फुगणे कमी. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये या ओढाताणीचे समीकरण मांडले. फुगलेल्या तुकड्यावरून गाठींची दाटी काढण्यासाठी ते आजही वापरले जाते.

फुगवटा मोजण्यासाठी पट्टी लागत नाही, आर्किमिडीजचे तत्त्व पुरते. समजा, एका तुकड्याचे वजन हवेत २.४० आणि पाण्यात ०.४० ग्रॅम भरले. फरक २ ग्रॅम, म्हणजे आकारमान २ घन सेंटिमीटर. ठरावीक तापमानाच्या इंधनात ठरावीक तास बुडवून ठेवल्यावर हीच वजने २.८५ आणि ०.२५ झाली, तर आकारमान २.६० होते, वाढ ३० टक्के. खरे कसब पुसण्यात आहे. तुकडा बाहेर काढताच पेट्रोल उडू लागते, त्यामुळे टिपकागदाने पुसून काही सेकंदांतच वजन करावे लागते. येथे रेंगाळल्यास आकडा फसवा निघतो.

चाचणी कोणत्या द्रवात घेतली, हेही तितकेच महत्त्वाचे. इंधननळ्यांत सर्रास वापरले जाणारे नायट्राइल रबर निव्वळ पेट्रोलमध्ये किंवा निव्वळ इथेनॉलमध्ये जेवढे फुगते, त्याहून अधिक दोहोंच्या मिश्रणात फुगते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी काढून मिश्रणाविषयी निर्वाळा देता येत नाही. फ्लुओरोरबर या मिश्रणात बरेच कमी फुगते. पण ते महाग असते.

पुष्कळदा दुर्लक्षित राहणारा भाग त्यानंतरचा. तोच तुकडा पूर्ण वाळवला की अनेकदा मूळ वजनापेक्षा हलका भरतो, कारण रबर मऊ ठेवणारी द्रव्ये इंधनाने धुऊन नेलेली असतात. असे रबर आकसते, कडक होते. गाडी दीर्घकाळ बंद राहून नळी कोरडी पडली, की भेगा दिसू लागतात त्या अशाच रबराला.